पत्तरांचं उसनं नाक

तिल्लैयंबलम पत्तरांना वास येत नसे. जन्माचं दुखणं नव्हे ते. पत्तर म्हणजे सोनार; त्या कामात आयुष्यभर तेजाबाच्या वाफा नाकात गेल्या, आणि एके दिवशी नाक जे संपावर गेलं ते पुन्हा कामावर आलंच नाही. पत्तरांनीही त्याची फारशी मनधरणी केली नाही. सोन्याला वास नसतो, चांदीला नसतो, आणि गिऱ्हाइकाला असला तर तो न आलेलाच बरा, असं त्यांचं म्हणणं. राहता राहिलं उतू जाणारं दूध आणि करपणारा भात. ते खातं त्यांनी बायकोकडे सोपवलं होतं. बायकोचं नावच परिमळम.

"अगं, वास?" असं पत्तर पुढच्या खोलीतून ओरडत. त्या खोलीत त्यांची कामाची बैठक होती.

"नाही," असं परिमळम चुलीपासून सांगे. नाहीतर मग, "येतोय. तेजाबाच्या बाटलीला बूच लावा."

एवढ्यावर संसार बिनबोभाट चालला होता. दोन्ही मुलगे कॅनडात. ते फोनवर सांगत, अप्पा, एकदा नाक दाखवून या. पत्तर म्हणत, "कशाला? तुमच्या आईचं आहे की. घरात दोन नाकं कोणी पोसायची?"

जाफन्यात वण्णार्पण्णैच्या त्या सोनारगल्लीत तुसाच्या शेगडीवर काम करणारे ते एकटेच उरले होते. मातीची बसकी शेगडी, तीत भाताचं तूस, वर करवंटीचा कोळसा, आणि तोंडात पितळी फुंकणी. बाकी सगळ्यांकडे गॅसच्या नळ्या आल्या होत्या. अगदी समोरच्या कदिरेसुकडेही. हा कदिरेसु पत्तरांच्याच हाताखाली शिकलेला. आता पोट सुटलेला, काचेच्या कपाटांचं दुकान टाकून बसलेला. गॅसची ज्योत फुसकन पेटली की पत्तर आपल्या बैठकीवरून म्हणत, "सोनं वितळवतोय की दाढ काढतोय?" कदिरेसु हसून म्हणे, "ऐया, तुमचं फुंकून होईस्तोवर माझं विकून होतं."

बोलणं गमतीचं होतं, पण खोटं नव्हतं. पत्तरांची शेगडी आठवड्यातले बरेच दिवस थंडच असायची. कानातला खडा बसव, साखळीची कडी जोड, एवढंच काम उरलं होतं. अशात नमसिवायम मास्तरांच्या घरून निरोप आला.

मास्तरांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. लग्नाआधी चांगला मुहूर्त बघून नवऱ्याकडचे लोक सोन्याचं नाणं देतात, ते सगळ्यांच्या देखत वितळवतात आणि त्याच सोन्याची ताळी, म्हणजे तिकडचं मंगळसूत्र, घडते. त्याला पोन्नुरुक्कु म्हणतात. मास्तरांच्या मनात कदिरेसुचं दुकान होतं. तिथे पंखा होता, खुर्च्या होत्या. पण मास्तरांची आई, जिला सगळी गल्ली आच्ची म्हणते, ती हटून बसली. "माझ्या ताळीचं सोनं तिल्लैयंबलमच्या आजोबांनी तुसावर वितळवलं. सुनेचं त्याच्या बापानं. नातसुनेचंही तुसावरच वितळेल. नाहीतर मी येत नाही, बसा तुम्ही पंख्याखाली."

पत्तरांनी हे ऐकलं आणि बाकाखालचा जुना लाकडी पाट काढून स्वतः धुतला. परिमळमला म्हणाले, "हे एक नीट झालं ना, की गल्ली बघेल. न झालं तर शेगडीत तुळस लाव."

मग ते गिरणीवर गेले आणि नेहमीच्या ढिगातलं नव्हे, तर आतल्या कोरड्या ढिगातलं तूस स्वतः निवडून पोतं भरून आणलं. घरी येऊन पोत्याचं तोंड सोडलं तर तूस शिंकलं.

आत मांजराचं पिल्लू होतं. एवढंसं, डोळ्यांत तूस, कानांत तूस, आणि अंगाचा रंग असा की पत्तरांनी सवयीने ते उजेडाकडे धरून पाहिलं.

"सोन्यासारखं आहे हो," परिमळम म्हणाली. "तंगम म्हणू या."

"सोन्याचं नाव असं वाटेल त्याला देत नाहीत," पत्तर म्हणाले. "हे पितळ आहे." म्हणून त्याचं नाव पडलं पित्तळै.

उंदरांसाठी ठेवू, असं पत्तर म्हणाले. उंदीर पित्तळैपेक्षा थोरले होते. पण फुंकणी फुंकताना ते पिल्लू येऊन त्यांच्या मांडीवर बसे, आणि कोळसा लाल झाला की त्याचे डोळे मोठे होत, न झाला की बारीक. इतक्या लक्षपूर्वक पत्तरांचं काम गेल्या कित्येक वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं. फुंकता फुंकता ते एका डोळ्याने पिल्लाकडे बघत आणि गरज नसताना एक जास्तीची फुंक मारत.

एकच गोष्ट वाईट होती. पित्तळैला जागेचा धरबंध नव्हता. ऐरणीमागे, चटईवर, एकदा तर घडी करून ठेवलेल्या वेष्टीवर. पत्तरांना वास यायचा नाही. पाय ओला झाला की कळायचं. त्या दिवशी तीच वेष्टी नेसून ते देवळात निघाले होते.

"पुन्हा एकदा या खोलीत केलंन," ते परिमळमला म्हणाले, "तर पिशवीत घालून चुन्नाकमच्या बाजारात सोडून येईन. पोन्नुरुक्कुला लोक येणार आहेत. सांगून ठेव त्याला."

"मी काय सांगू? तुमच्या मांडीवर बसतं ते."

मग पत्तरांनी शिकवणी सुरू केली. जुनं घमेलं घेतलं, त्यात वाळू भरली, आणि पित्तळैचं खाणं झालं रे झालं की त्याला उचलून त्यात ठेवू लागले. पुढचा पंजा धरून वाळू उकरून दाखवत. पित्तळैला वाटलं ही कुस्ती आहे. ते पाठीवर पडून चारही पायांनी पत्तरांच्या मनगटाशी झोंबे, आणि दमलं की त्याच वाळूत झोपी जाई. उठून मग चटईवर जाई.

"ओरडू नका त्याच्यावर," परिमळम म्हणाली. "ओरडलात तर लपून करेल."

"मी कधी ओरडलो?"

"आत्ता काय करताय?"

पत्तरांनी वाळू बदलली, घमेलं कोपऱ्यात नेलं, नारळाचा भुसा घालून पाहिला. भुसा पित्तळैने घरभर नेला. शेवटी एका सकाळी त्यांना सुचलं, की हे जन्मलंय कशात? तुसात. त्यांनी घमेल्यात शेगडीजवळच्या डब्यातलं तूस ओतलं. पित्तळै आलं, हुंगलं, उकरलं, बसलं, आणि वर परत उकरून झाकूनही टाकलं. पत्तर उभ्या उभ्या बघत राहिले.

दुपारपर्यंत गल्लीला कळलं होतं. पहिलं नातवंड चालायला लागलं तेव्हाही पत्तर इतके हिंडले नव्हते. कदिरेसुच्या दुकानात जाऊन ते म्हणाले, "मुक्या जनावराला त्याच्या मातीचं काहीतरी द्यावं लागतं. तुमच्या गॅसवाल्यांना नाही कळायचं."

कदिरेसुने भिंगातून डोळा काढला. "तुसात शिकवलंत, ऐया? आणि तुमची शेगडी कशानं भरलेली असते?"

"शेगडीत आग असते."

"रोज?"

पत्तर उठून आले. पण त्या रात्रीपासून शेगडीवर तांब्याचं जड झाकण ठेवायला लागले. पित्तळैची काय बिशाद होती ते हलवायची.

आता घमेल्याचं एक शास्त्र असतं, ते पत्तरांना माहीत नव्हतं. त्यांनी ते आपल्या धंद्याच्या शास्त्रावरून ठरवलं. शेगडीत कालच्या राखेवर आजचं तूस चालतं, उलट आच धरून राहते. तसंच घमेल्यातही चालत असणार. ते रोज वरून मूठभर नवं तूस पसरत आणि खालचं तसंच ठेवत. वास त्यांना नव्हताच. मांजर मात्र आपल्याच घाणीत पाय ठेवायला माणसापेक्षा जास्त कुरकुरतं. काही दिवस पित्तळैने सोसलं. मग त्याने दुसरं घमेलं शोधलं. ते मोठं होतं, कोरडं होतं, अंधाऱ्या मागच्या खोलीत होतं, आणि त्याच्या ओळखीचं होतं. पोन्नुरुक्कुसाठी निवडून आणलेलं ते पोतं.

इकडे घमेलं दिवसेंदिवस स्वच्छ राहू लागलं. पत्तर खूष. "बघितलंस? आता बाहेर जातंय. कुंपणापलीकडे. माणसासारखं." आणि मग नेहमीसारखं, "अगं, वास?"

"नाही," परिमळम म्हणाली.

तिला वास येत होता. मागच्या खोलीत तेलाची बरणी काढायला गेली तेव्हाच आला होता. पोत्याशी वाकली तेव्हा तर तिने पदर तोंडाशी घेतला. पण त्याच सकाळी पत्तरांनी चटईवरचा ओलीचा जुना डाग दाखवून पुन्हा चुन्नाकमची पिशवी काढली होती. पिशवी खरंच खुंटीला अडकवून ठेवली होती. मुलगे फोनवर पाच मिनिटं बोलतात. पित्तळै तिच्याशी दिवसभर बोलत होतं. शेजारणीकडून ती त्याच्यासाठी माशाचं डोकं मागून आणायची आणि पत्तर जेवायला बसण्याआधी हात राखेने घासून टाकायची. तिने विचार केला की गिरणीवरून नवं पोतं मागवू, जुनं हळूच शेवग्याच्या बुंध्याशी रिकामं करू, आणि हे कुणालाच कळायचं कारण नाही. गिरणीवाला आज देतो, उद्या देतो करत राहिला. नवं पोतं आलं ते मुहूर्ताच्या आदल्या संध्याकाळी.

"हे कशाला?" पत्तर म्हणाले.

"असू दे. ताजं आहे."

"ताजं धुरकटतं. माझं मुरलंय ना मागे."

सकाळी मास्तरांकडची मंडळी यायच्या आधी पत्तर न्हाऊन, कपाळाला भस्म लावून बसले. शेगडी शेणाने सारवली होती. जुन्या पोत्यात त्यांनी डबा खोल घातला, तूस शेगडीत ओतलं, हाताने दाबून बसवलं. परिमळम हळद-कुंकवाचं तबक घेऊन दारात उभी होती.

"अहो, नवं पोतं उघडा ना."

"परत तेच?"

"दमट वाटतंय हे."

"मी सोनार आहे की तू? दमट-बिमट नाही. वास येतोय का तेवढं सांग. लोक येताहेत. येतोय की नाही?"

पित्तळै खिडकीत बसून शेपटी चाटत होतं. त्याच्या डोक्यावर, खुंटीला, ती पिशवी होती.

"नाही," परिमळम म्हणाली.

पत्तरांनी मान हलवली आणि कोळसा रचला. त्या घरात तिच्या नाहीला कधी दुसऱ्यांदा विचारलं गेलं नव्हतं.

मंडळी आली. मास्तर, मास्तरांची बायको, सत्तरी कधीच ओलांडलेली आच्ची, आणि चार नातेवाईक. नारळ, विड्याची पानं, लिंबं, फुलं मांडली गेली. आच्चीला शेगडीच्या अगदी समोर बसायचं होतं. तिला पत्तरांनी धुतलेला पाट दिला. तिने नाणं डोळ्यांना लावून पत्तरांच्या हातात ठेवलं. "सावकाश होऊ दे. तुझे आजोबा घाई करायचे नाहीत."

"आजोबांचीच फुंकणी आहे, आच्ची," पत्तर म्हणाले. नाणं मुशीत घातलं, मूस कोळशात बसवली, आणि फुंकायला सुरुवात केली.

पहिल्यांदा धूर आला. तो येतोच. मग तूस खालून धुमसू लागलं. पत्तरांचे गाल फुगलेले, डोळे मुशीवर. त्यांना मास्तरांच्या बायकोचा पदर नाकाकडे जाताना दिसला. धुरानं असेल. मग एका नातेवाइकाने मान वळवली. मग मास्तर खोकले आणि खोकता खोकता दाराकडे सरकले. पत्तर जोराने फुंकू लागले, कारण आच वाढली की धूर कमी होतो. आच वाढली. लोक आणखी मागे गेले. एक बाई तोंड दाबून ओट्यावर पळाली.

ज्याला वास येत नाही त्याला वास बघावा लागतो. पत्तरांनी तो एकेका तोंडावर पाहिला. शेवटी आच्चीने हातातलं फूल नाकाशी धरलं आणि ठामपणे म्हणाली, "मांजर."

"काय आच्ची?"

"मांजर मुतलंय यात. आणि एकदा नाही. मला नको सांगूस, माझ्या आईकडे मांजरं होती. तिल्लैयंबलम, माझ्या नातवाच्या ताळीचं सोनं तू कशावर वितळवतोयस?"

पत्तरांनी फुंकणी तोंडातून काढली. त्यांनी पित्तळैकडे पाहिलं नाही, पोत्याच्या खोलीकडे पाहिलं नाही. दारातल्या बायकोकडे पाहिलं. ती तबकातल्या कुंकवाकडे बघत होती, जणू ते मोजायचं होतं. सकाळच्या त्या एका शब्दाचं पितळ तिथे, सगळ्यांसमोर उघडं पडलं.

"मुहूर्त जाईल हो," मास्तर दाराबाहेरून म्हणाले.

मुहूर्त जातच होता. समोरून कदिरेसु पायऱ्या उतरून आला होता. त्याने नाक धरलं नव्हतं, याबद्दल पत्तरांना त्याचा जास्तच राग आला. "ऐया," तो हळूच म्हणाला, "मूस घेऊन माझ्याकडे या. वेळ आहे अजून."

पत्तरांनी चिमट्याने मूस उचलली आणि गल्ली ओलांडली. मागून नारळ, पानं, लिंबं, आच्ची, सगळी वरात. दुकानात पंखा चालू होता; कदिरेसुने तो बंद केला. आपल्या जागेवरून उठून म्हणाला, "तुम्हीच करा, ऐया. मी नुसती नळी देतो."

पत्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा ती नळी धरली. फुस्स झालं. निळी ज्योत मुशीवर टेकली. आच्ची अजून खुर्चीत नीट टेकलीही नव्हती, तोवर नाण्याच्या कडा ढासळल्या, राजाचं तोंड गेलं, आणि मुशीच्या तळाला लाल-पिवळी, लखलखीत, अगदी गोल गोळी फिरू लागली. मास्तरांच्या बायकोने नारळाला कुंकू लावलं. सगळ्यांनी वाकून पाहिलं. गोल आली, गोल आली, शकुन चांगला, म्हणून एकमेकांना सांगितलं. हात पत्तरांचा होता. त्याला काही झालं नव्हतं.

"झालं?" आच्ची म्हणाली. "इतक्यात?"

"झालं, आच्ची."

आच्चीने खुर्चीच्या पाठीला पाठ लावली. "हे बरंय बाई. आमच्या वेळी बसून बसून कंबर जायची, आणि धुरानं डोळे. कदिरेसु, तो पंखा लाव आता."

पत्तरांना वाटलं होतं आच्ची शेगडीसाठी हळहळेल. निदान रागावेल. तिने पंखा मागितला. बायकोने नाक दिलं नाही आणि आच्चीने पाठ फिरवली, ते दोन्ही एकाच सकाळी झालं. मास्तरांनी पानावर ठेवून दिलेली दक्षिणा त्यांनी घेतली आणि गल्ली ओलांडून परत आले. शेगडी अजून धुमसत होती. त्यांनी तिच्यावर पाणी ओतलं.

दुपारी परिमळमने तांदळाचा वाफवलेला पुट्टु आणि नारळाच्या दुधाची सोदी वाढली. पत्तर पानावर बसले, पण हात लावला नाही.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"आठवडा झाला असेल."

"रोज विचारत होतो."

"हो."

"आज तर समोरासमोर विचारलं. मी तुझ्या नाकावर सोनं वितळवायला बसलो होतो, परिमळम."

"सोनं वितळलं ना शेवटी? गोलही आलं. पिल्लू गेलं असतं तर मिळालं असतं का परत?"

"मला सांगितलं असतंस तर..."

"तर काय केलं असतंत?"

पत्तरांच्या ओठावर आलं होतं की ठेवलं असतं, पोतं तेवढं टाकलं असतं. पण त्यांनाच ते पटेना. सांगितलं असतं तर त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली असती. बाजारात पिल्लू सोडून वळून न बघता परत आले असते, आणि मग महिनाभर फुंकताना मांडीकडे बघत बसले असते. हे सगळं तिने आधीच ओळखलं होतं, न विचारता. फसवलं त्यापेक्षा इतकं बरोबर ओळखून फसवलं, याचंच त्यांना जास्त लागलं.

"नवं पोतं उघडा म्हटलं होतं," ती म्हणाली.

"का, ते नव्हतं सांगितलंस."

सोदी निवली. पित्तळै येऊन दोघांच्या मधे बसलं आणि कोण आधी जेवतो ते बघू लागलं.

नंतरचे कित्येक दिवस पत्तर परिमळमशी कामापुरतं बोलत आणि पित्तळैशी तपशीलवार बोलत. "तुला काही म्हणत नाही मी," ते त्याला सांगत, ती ऐकेल इतक्या मोठ्याने. "तुला कुठे ठाऊक होतं मुहूर्त आहे ते? ज्यांना ठाऊक होतं त्यांचं बघ." दूध उतू जाऊन चूल भिजली तरी ते विचारत नसत. डोळे तिकडे ठेवत आणि स्वतः उठून भांडं उतरवत. परिमळमने दोनदा, न विचारता, "वास येतोय हं, बूच लावा," म्हटलं. पत्तरांनी बाटली डोळ्यांसमोर धरून बूच स्वतः तपासलं. ते लावलेलंच होतं. दुसऱ्या वेळी नव्हतं.

शिकवणी त्यांनी नव्याने सुरू केली. घमेलं रोज सकाळी पूर्ण रिकामं करायचं, धुवायचं, उन्हात ठेवायचं. तूस एकदम काढलं तर पिल्लू बिथरेल, म्हणून सोन्यात तांबं मिसळावं तशी तुसात रोज चिमटी चिमटी वाळू. दुसरं एक घमेलं त्यांनी मागच्या खोलीत ठेवलं, जिथे पोतं होतं तिथेच. पोतं गेलं होतं. नवंही त्यांनी गिरणीवर परत धाडलं. हळूहळू वाळू जास्त झाली, तूस नावापुरतं उरलं, आणि एके दिवशी तेही संपलं. पित्तळैला फरक कळला नाही, किंवा कळूनही त्याने वाद घातला नाही. चटई कोरडी राहू लागली.

त्याच दिवसांत एका सकाळी पत्तर ओट्यावर बसून घमेलं घासत होते. समोर दोन गाड्या थांबल्या. नारळ उतरले, पानं उतरली, रेशमी साड्या उतरल्या. आच्चीच्या माहेरची माणसं होती. त्यांतली एक बाई कदिरेसुला विचारत होती, "मास्तरांकडचं झालं ते हेच ना दुकान? ते लवकर होतं ते?"

कदिरेसुने गल्लीच्या या बाजूला पाहिलं. "ऐया," त्याने हाक मारली, "येता का? हात तुमचाच."

पत्तरांनी वाळू मुठीत घेऊन पारखली, खडे वेचून काढले, आणि मान हलवली. नाही म्हणाले, की थांब म्हणाले, ते कदिरेसुला कळलं नाही. तो आत गेला. पंखा बंद झाल्याचा आवाज आला.

परिमळम चहा घेऊन बाहेर आली. ओट्यावर पेला ठेवला, गुळाचा खडा बाजूला ठेवला, आणि समोरच्या दुकानातली ती निळी ज्योत दोघांनी पाहिली. मग ती घमेल्याकडे वाकली.

"द्या इकडे. झालं का स्वच्छ, मी हुंगून सांगते."

"राहू दे," पत्तर म्हणाले आणि घमेलं उजेडात तिरपं धरून तळ पाहू लागले. "मला दिसतंय."